दिवाळीनंतर बाग ओसाड दिसते, तिथे काय लावावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळ पौडच्या पुढे उतारावर अकरा गुंठे जागा, खाली मुरूम, जेमतेम पाण्याची एक बोअर. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, पण चिखलामुळे तेव्हा तुमचं जाणं होत नाही. जाता ते दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपेपर्यंत जवळजवळ दर शनिवार-रविवार, आणि नेमकी तेव्हाच जागा भकास. लॉन करून पाहिलंत, जानेवारीत टँकर मागवावा लागला. नर्सरीवाल्याने 'बारमाही हिरवं' म्हणून फॉक्सटेल पाम, ख्रिसमस ट्री आणि फायकसचं कुंपण सुचवलंय. सोबत तुम्ही परदेशातल्या हिवाळी बागांचे फोटो जोडलेत: पांढऱ्या खोडांची झाडं, लालभडक काड्यांची झुडपं, दवाने गोठलेलं गवत. असं काही आपल्याकडे जमेल का, असं विचारलंय.

जमेल. मात्र तुमचं दुखणं मला जरा वेगळं वाटतं. तुम्ही पावसाळ्याची बाग हिवाळ्यात शोधताय. ती टँकरनेही मिळायची नाही, आणि मिळाली तरी भोवतीचा सगळा डोंगर सोनेरी झालेला असताना मधेच हिरव्या प्लॅस्टिकचा तुकडा ठेवल्यासारखी दिसेल. फोटोतली झाडंही इथे आणू नका. ते पांढऱ्या खोडाचं झाड बर्च, आपल्या हिमालयातल्या भूर्जाचं भावंड. पौडच्या एप्रिलमध्ये ते तग धरणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्या लोकांची नजर. पानं नसताना झाडात काय उरतं, ते बघून ते झाड निवडतात. साल, फांद्यांचा बांधा, वाळलेल्या शेंगा, गवताचे तुरे, तिरकं ऊन. हे सगळं आपल्याकडे आहे, आणि वर निष्पर्ण फांद्यांवर फुलणारी झाडं आहेत, जी त्यांच्या नशिबात फारशी नाहीत.

मी सत्तावीस वर्षं पुण्याच्या आसपास बागा करतेय. हिवाळ्यासाठी बाग करायची तर पहिला प्रश्न 'कोणतं झाड' हा नसतो. तुम्ही कुठे बसणार आणि किती वाजता, हा असतो.

पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यापासून किंचित उत्तरेलाच असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच भर दुपारी दक्षिणेला कलून ४८ अंशांवर येतो, आणि मावळतो तेव्हा पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे आपल्या हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरकं, आणि चारनंतर तर जमिनीसरसं. व्हरांड्यातल्या तुमच्या खुर्चीत संध्याकाळी साडेचार-पाचला बसा आणि डोळ्यांवर ऊन कुठून येतं ते हेरा. त्या दिशेला गवत लावायचं, कारण गवताचे तुरे पाठीमागून उजेड आला की पेटतात. पांढऱ्या सालीची झाडं बरोबर उलट दिशेला, तुमच्या पाठीमागून येणारं ऊन त्यांच्या अंगावर पडेल अशी. हीच दोन झाडं जागा बदलून लावलीत तर गवत मातकट दिसेल आणि खोड काळं. मुळशीच्या खोऱ्यात पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर सूर्य पाचच्या आतच जातो. तसं असेल तर हा सगळा हिशेब सकाळच्या चहाच्या वेळेचा करा आणि दिशा उलट्या धरा.

आता झाडं. तुमच्या बर्चच्या जागी मी डोळे झाकून कांडोळ सांगेन. कुणी त्याला पांढरुख म्हणतं. साल पांढरट, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. दिवाळीनंतर पानं उतरतात आणि मग ते खोड नुसतं बघत राहावं असं. चांदण्या रात्री तर इतकं उठून दिसतं की त्याला भुताचं झाड म्हणतात ते उगाच नाही. खडकाळ उतार त्याला मानवतो, म्हणजे तुमचा मुरूम त्याच्या दृष्टीने उत्तम. दोन अटी: वाढ हळू असते, आणि फळांवरची बारीक लव अंगाला लागली की चांगलीच आग होते, म्हणून झोपाळ्यावर किंवा पायवाटेवर त्याची सावली येऊ देऊ नका. एकटं लावू नका. दोन-तीन जवळजवळ, बारा-पंधरा फुटांवर, आणि मागे काहीतरी गर्द हिरवं.

ते मागचं गर्द हिरवं फार महत्त्वाचं. पांढरं खोड पिवळ्या डोंगरापुढे विरून जातं. तुमच्या जागेत जुने आंबे आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते कापू नका, तोच तुमचा पडदा. शिवाय डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो, त्याचा वास घ्यायला लोक कोकणात जातात. पडदा अपुरा पडला तर बकुळ किंवा जांभूळ. बकुळ फार सावकाश वाढते, पण पंचवीस वर्षांनी तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही.

निष्पर्ण फांदीवर फुलणाऱ्यांत माझी लाडकी सोनसावर. गणेरही म्हणतात तिला. झाड बेताचं, एरवी नजरेत भरत नाही. फेब्रुवारीत एकही पान नसताना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं लागतात, ऊन त्यातून आरपार जातं. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बाणेरच्या बाजूला एका बंगल्यात मी तीन सोनसावरी लावल्या होत्या. दुसऱ्या जानेवारीत गेले तर तिन्ही गायब. माळीबुवा म्हणाले, "बाई, वाळली होती की. बंबात घातली." चूक त्यांची नव्हती, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पानगळीच्या प्रत्येक रोपाला मी लाल नाडा बांधते आणि माळ्याला नखाची परीक्षा शिकवते: सालीवर नखाने हलकेच खरवडायचं, खाली हिरवं दिसलं तर झाड झोपलंय, मेलेलं नाही. शनिवार-रविवारीच जाणाऱ्या माणसाने तर हे पहिल्या दिवशी करावं.

काटेसावर एकच लावा, आणि घरापासून, सेप्टिक टँकपासून निदान चाळीस फूट लांब. फार मोठं होतं ते. कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे, हेही हिवाळ्यात बघण्यासारखं. जानेवारीअखेर ते मार्च मांसल लाल फुलं, आणि त्यावर कावळे, बुलबुल, शिंजीर, भोरड्यांचे थवे यांची नुसती जत्रा. फूल गळतं तेव्हा थप्प असा आवाज येतो. गाडी खाली लावली असेल तर टपावरही येतो. एप्रिलमध्ये कापूस उडतो, पण तेव्हा तुम्ही तिथे नसता. पांगाराही हेच काम करतो आणि नुसती फांदी रोवली तरी जगतो, मात्र गेली काही वर्षं त्याच्या पानांना गाठी आणणारी एक चिमुकली गांधीलमाशी त्रास देतेय, म्हणून मी आता नव्याने फारसा लावत नाही.

कांचनाच्या बाबतीत नर्सरीत नावांचा घोळ आहे. रक्तकांचन, देवकांचन, नुसता कांचन, कोण कशाला काय म्हणेल याचा भरवसा नाही. नाव विचारू नका, विचारा: हा कधी फुलतो, आणि तेव्हा पानं असतात का? एक ऑक्टोबर ते डिसेंबर पानांसकट फुलतो, दुसरा फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक पानं गाळून. तुम्हाला एकेक हवाय, म्हणजे मोसमाची दोन्ही टोकं धरली जातात. नोव्हेंबरसाठी बूचही आहे, सकाळी झाडाखाली पांढऱ्या लांब देठाच्या फुलांचा सडा, वास मंद आणि छान. त्याचं लाकूड ठिसूळ, वळवात फांद्या मोडतात, तेव्हा तेही घरापासून दूर. सातवीण मात्र मी नाही सांगणार. ऑक्टोबरच्या रात्री तिचा वास अनेकांचं डोकं धरतो. गुलाबी टॅबेबुयाबद्दल तुम्ही विचारलंय. वाईट नाही, पण पंधरा दिवसांचा पाहुणा, उरलेलं वर्ष सामान्य. हौस असेल तर एक लावा, रांग नको.

खरी मजा झुडपांत आहे, आणि लोक नेमके तिथेच एक्झोरा आणि अकॅलिफावर थांबतात. तुमच्या मागच्या डोंगरावर जानेवारीत चालून या. तिथे धायटी दिसेल: कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या आणि त्यांच्या अंगभर शेंदरी-लाल नळीसारखी बारीक फुलं. फूल सुटं पाहिलंत तर काहीच नाही, पण पूर्ण झुडूप उन्हात बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या लाल काड्या विसरून जाल. शिंजीर दिवसभर तिथेच. रुजल्यावर पाणी मागत नाही. रामेठाही तिथेच सापडेल, फांदीच्या टोकांना पिवळ्या फुलांचे गोंडे, साधारण दिवाळीपासून पुढे. रामेठा विषारी आहे, पूर्वी ओढ्यात मासे गुंगवायला वापरायचे. घरात लहान मुलं असतील तर कडेला, हाताला लागणार नाही असा लावा. मुरूडशेंगेच्या शेंगा वाळल्या की पीळ पडलेल्या स्क्रूसारख्या फांद्यांना लोंबतात, थेट मार्चपर्यंत. बाळगुटीत उगाळतात तीच ही. मी तिला कुंडीत कधी लावत नाही, पण बांधाच्या कडेला तीन-चार झुडपं हवीतच.

ही रोपं चकचकीत नर्सरीत मिळत नाहीत. वनखात्याच्या रोपवाटिका, देशी झाडं करणारे छोटे लोक, नाहीतर बी गोळा करायचं. डोंगरातून झुडूप उपटून आणू नका. बहुतेक वेळा मुळं तुटतात आणि ते मरतं, आणि डोंगराचंही एक कमी होतं.

कुंपणाला फायकसऐवजी करवंद आणि अडुळसा आलटून पालटून. करवंद बारमाही हिरवी, काटेरी, हिवाळा सरताना पांढरी सुवासिक फुलं, मेमध्ये करवंदं. अडुळशाला हिवाळ्यात पांढरी फुलं येतात आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, हा गुण पौडकडे किती मोलाचा आहे हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळेल. पायऱ्यांपाशी पिवळी-जांभळी कोरांटी आणि थोडा कुंद. कुंदाला वास जवळजवळ नसतो, हे माहीत असू द्या, पण ऐन थंडीत पांढऱ्या चांदण्या पडल्यासारखा दिसतो. फाटकाच्या कमानीवर संक्रांतवेल चढवा. नावातच तिचा मुहूर्त आहे, नारिंगी फुलांनी कमान दिसेनाशी होते. बोगनवेल असेल तर दिवाळीनंतर तिचं पाणी तोडा. भरपूर पाणी घातलंत तर पानंच पानं.

पॉइन्सेटिया घ्यायचा तर एक गंमत सांगते. एका फार्महाऊसवर आठ झाडं होती, सात डिसेंबरात लालभडक, एक हिरवंगार. मालकांनी खतं घातली, औषधं मारली. मी संध्याकाळी थांबले तेव्हा उलगडा झाला: वॉचमनच्या खोलीवरचा हॅलोजन रात्रभर त्याच्यावर. या झाडाला ऑक्टोबरपासून सलग लांब, काळोख्या रात्री लागतात, तरच वरची पानं रंगतात. दिव्याचं तोंड फिरवलं, पुढच्या वर्षी आठवंही लाल. तुमच्याकडे सुरक्षेसाठी फ्लडलाइट असतील तर आधी ते बघा.

आता गवत. तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिलीय, मी जास्त लिहिणार आहे, कारण हिवाळ्यात सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त देतं ते गवत, आणि सगळ्यात मोठा घातही तेच करतं.

पहिला धडा मला कुसळी गवताने दिला. डोंगरउतारावरचं ते तांबूस सोनेरी गवत वाऱ्यावर इतकं देखणं हलतं की मी एका बागेत ते पायवाटेच्या दोन्ही अंगांना लावलं. डिसेंबरात मालकांच्या आई नातवाला घेऊन तिथून चालत गेल्या. परत आल्या तेव्हा नऊवारीचा सगळा काठ कुसळांनी भरलेला. मी आणि त्या ओट्यावर बसून तासभर एकेक कुसळ वेचत होतो. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. कुसळी लांबून बघायची. पायवाट, बैठक, कुत्र्याची जागा यांच्याजवळ अजिबात नाही.

जवळ लावायचं तर रोशा, म्हणजे रोहिष गवत. पावसानंतर तुरे तांबूस होत जातात, पात चुरगळली की सुगंध येतो, आणि त्या वासामुळेच गुरं सहसा खात नाहीत. उताराच्या खालच्या कडेला वाळा: माणसाच्या उंचीचा, जांभळट तुऱ्यांचा, मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतो, आणि इतर गवतं वाळली तरी तो बराच काळ हिरवट राहतो. ओसरीजवळ गवती चहा, तो तर तुम्ही चहात घालालच. नर्सरीतलं लाल फाउंटन ग्रास चालेल, ते फारसं बी धरत नाही. त्याचा हिरवा भाऊ बी उधळून रानभर पसरतो, तो नको. ठोंबं एकेक विखरून लावू नका. सात-नऊ ठोंबं एकत्र, दोन-दोन फुटांवर. एकट्या ठोंबाकडे बघून लोक विचारतात, हे तण काढायचं राहिलंय का?

दुसरा धडा वणव्याचा. एका फेब्रुवारीत शेजारच्या शेतकऱ्याने बांध जाळायला घेतला, वारा फिरला आणि माझ्या हाताने लावलेलं गवत वीस मिनिटांत गेलं. गवताचं काही नाही, ते जुलैत परत फुटलं. पण त्यात उभी असलेली तीन वर्षांची चौदा रोपं गेली. मुळशीत डोंगर दरवर्षी कुठे ना कुठे जळतो, त्यामुळे तुमच्या जागेत हे होणारच असं धरून चालायचं. हद्दीच्या आतून दहा फुटांचा पट्टा दिवाळीनंतर लगेच मुळासरसा कापून, झाडून स्वच्छ ठेवायचा, वनखातं जाळरेषा काढतं तसा. उंच गवत घराला चिकटून नको, निदान वीस-पंचवीस फूट अंतर. प्रत्येक रोपाभोवती तीन फुटांचं आळं कोरं. आणि गवताचा मोह जानेवारीअखेरपर्यंतच. फेब्रुवारी लागला की विळ्याने अर्ध्या फुटावर कापा, कापलेलं गवत आळ्यात दाबून वर माती टाका. तोवर सावर, सोनसावर फुलायला लागतात, नजर आपोआप वर जाते, खालचं गवत गेल्याचं कुणाला जाणवत नाही.

हे सगळं तुमच्या जागेपुरतं. सासवड-जेजुरीकडे पाऊस कमी, तिथे कांडोळ आणि पळस ठीक, पण आंबा-जांभळाचा पडदा सांभाळणं जड जातं. खाली काळी चिकण माती असेल तर कांडोळ, सोनसावर दोन्ही पावसाळ्यात कुजतात. तिथे मी देशी बदाम लावते, त्याची पानं थंडीत खरोखरची लाल होऊन गळतात. विदर्भातल्या मंडळींना धावडा आहे: फिकट गुळगुळीत खोड आणि थंडीत तांबूस होणारी पानं, दोन्ही एकाच झाडात. कोकण-गोव्यात इतकी पानगळ दिसत नाही, तिथली बाग वेगळ्या तऱ्हेने बांधावी लागते, त्यावर इथे लिहीत नाही.

किती वर्षं लागतील? गवत पहिल्याच हिवाळ्यात. पॉइन्सेटिया, कोरांटीही. संक्रांतवेल दुसऱ्या, धायटी तिसऱ्या. सोनसावर चार-पाच, काटेसावर सहा-सात वर्षं. कांडोळाचं खोड हाताच्या कवेत यायला दहा तरी. म्हणून पैसे आणि पाणी मोठ्या झाडांवर आधी घाला, झुडपं दुसऱ्या वर्षी आणली तरी चालतात. पहिले दोन उन्हाळे ठिबक हवंच. ते लॉनच्या पाण्याच्या मानाने काहीच नाही, तुमची बोअर पुरेल.

आत्ता डिसेंबर चालू आहे, आत्ता काहीही लावू नका. येत्या रविवारी चुन्याची फक्की घेऊन जा. संध्याकाळी पाचला खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी काठी घेऊन उताराकडे पाठवा, आणि तुम्ही हात करत जा: जरा डावीकडे, अजून मागे, हां, तिथे. तिथे चुन्याचा गोल. असे दहा-बारा गोल झाले की पुरे. एप्रिलमध्ये तीन फूट बाय तीन फूट, तीन फूट खोल खड्डे घेऊन ऊन खाऊ द्या, जूनअखेर लागवड. पळस लावायचा असेल तर अपवाद फक्त त्याचा. त्याचं मूळ सरळ खोल जातं, पिशवीतलं रोप हलवलं की रुसतं. मेअखेरीस रस्त्याकडेच्या एखाद्या पळसाखाली पळसपापड्या पडलेल्या सापडतील. पंधरा-वीस उचला आणि पहिल्या पावसाबरोबर चुन्याच्या गोलातच पेरा, एका गोलात तीन-चार. त्यातलं जे पहिल्या उन्हाळ्यातून तरेल ते ठेवा.